'तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात?' हे इंग्रजीत सांगताना



इंग्रजी संभाषणाचे कोणतेही पुस्तक घ्या. मध्यावर कुठेतरी एक धडा हमखास असतो. त्यात प्रश्न असतो, 'हॅव यू एव्हर बीन टू पॅरिस?' त्याखाली दुसरा, 'हॅव यू एव्हर ट्रॅव्हल्ड बाय प्लेन?' तिसरा असतो समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलातल्या मुक्कामाचा. आपल्या वस्तीतला शिकणारा तिन्ही प्रश्न वाचतो, तिन्हींपुढे 'नो' लिहितो आणि वही मिटतो. तो गप्प बसतो याचे कारण व्याकरण नव्हे. आपल्यापाशी सांगण्याजोगे काही नाही असे त्याला वाटते, हे खरे कारण आहे.

आज आम्ही या एकाच धड्याविषयी लिहीत आहोत. आपल्या अनेक विहारांत आणि समाजमंदिरांत संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग चालतात. शिकवणारे आपल्यातलेच असतात. कुणी कचेरीत कारकून, कुणी डी.एड. झालेली सून, कुणी कॉलेजात शिकणारा मुलगा. दिवसभर राबून आलेली माणसे सतरंजीवर बसतात आणि दीड तास नव्या भाषेशी झुंजतात. त्यांचा एक तास वाया गेला तर तो भरून देता येत नाही. म्हणून हा धडा कसा शिकवावा याचा विचार नीट केला पाहिजे.

हा धडा सहलीपुरता नाही, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. इंग्रजीत 'अनुभव' सांगायची जी रीत आहे, ती याच धड्यात येते. हॉटेलात, इस्पितळात, मालाच्या गोदामात किंवा आखाती देशात ड्रायव्हर म्हणून काम मागायला गेले की मुलाखत घेणारा विचारतो, 'हॅव यू वर्क्ड इन अ किचन बिफोर?' 'हॅव यू एव्हर ड्रिव्हन अ ट्रक?' वाक्याची ठेवण तीच आहे, फक्त पॅरिसच्या जागी भटारखाना आला. ज्याला 'हॅव यू एव्हर' कानाला ओळखीचे झाले, तो इथे गडबडत नाही. आमच्या माहितीतला एक मुलगा सहा वर्षे केटरिंगच्या कामावर होता. मुलाखतीत हा प्रश्न आला तेव्हा त्याला 'हॅव' म्हणजे 'जवळ आहे' एवढेच ठाऊक होते. 'तुमच्याकडे स्वयंपाकघर आहे का' असे विचारत असावेत असे समजून तो 'नो सर' म्हणाला आणि परत आला. सहा वर्षांचा अनुभव एका शब्दापायी बुडाला.

आता आपल्या लोकांनी प्रवास केलेला नाही, हा समज पाहू. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून मुंबई-पुण्याकडे आलेली किती घरे आपल्यात आहेत! ऊसतोडीच्या टोळीबरोबर दर साल मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात जाणारी कुटुंबे आहेत. ६ डिसेंबरला दादरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला, २० मार्चला महाडला जाणारे हजारो आहेत. जनरलच्या डब्यात दाराशी बसून, भाकरी बांधून घेऊन, रात्र उभ्याने काढून केलेला प्रवास हा प्रवास नव्हे काय? ज्याने हे केले त्याच्याकडे विमानात बसलेल्या माणसापेक्षा सांगण्यासारखे जास्तच असते. शिकवणाऱ्याने फक्त प्रश्न बदलायचा आहे.

आम्ही एका वर्गात तो बदलून पाहिला. फळ्यावर लिहिले, 'हॅव यू एव्हर बीन टू नागपूर?' नातीला सोबत म्हणून येणाऱ्या साठीच्या एक आजी भिंतीला टेकून बसलेल्या असत. त्या कधी बोलत नसत. त्या दिवशी मागून आवाज आला, 'येस. फोर टाइम्स.' सारा वर्ग वळून पाहू लागला. मग मुलींनी विचारले, 'व्हेन डिड यू गो?' आजी म्हणाल्या, 'दोन हजार सहा.' नातीने सुधारून सांगितले, 'टू थाउजंड सिक्स.' धर्मांतराच्या सुवर्णमहोत्सवाचे ते साल. पुढे वीस मिनिटे प्रश्नांवर प्रश्न झाले, कसे गेलात, कुणाबरोबर, काय खाल्ले, कुठे झोपलात. धड्याचे सारे व्याकरण त्या वीस मिनिटांत येऊन गेले.

ते व्याकरण आता एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट. मराठीत आपण म्हणतो, 'मी अजिंठा पाहिलेला आहे', 'मी नागपूरला गेलेलो आहे'. इथे 'केव्हा' हे महत्त्वाचे नाही. जन्मापासून आजपर्यंत ते एकदा तरी घडले आहे, एवढेच सांगायचे असते. इंग्रजीत अशा वेळी 'हॅव' किंवा 'हॅज' आणि क्रियापदाचे तिसरे रूप येते. 'आय हॅव सीन अजंता.' 'शी हॅज बीन टू नागपूर.' प्रश्नातल्या 'एव्हर'चा अर्थ 'आयुष्यात कधीतरी' आणि 'नेव्हर'चा अर्थ 'एकदाही नाही'. मराठीत पाहिला, पाहिली, पाहिले असे रूप बदलते. इंग्रजीत 'सीन' जागचे हलत नाही. 'ही, शी, इट' असेल तर 'हॅज', बाकी सगळीकडे 'हॅव', एवढेच पाहायचे.

दुसरी गोष्ट. 'केव्हा' आले की 'हॅव' गेले. 'आय वेन्ट टू नागपूर इन टू थाउजंड सिक्स.' 'वी वेन्ट लास्ट इयर.' 'आय सॉ द केव्हज टेन इयर्स अगो.' यस्टर्डे, लास्ट मंथ, अगो किंवा एखादे साल वाक्यात आले, म्हणजे ती वेळ संपलेली आहे. तिथे साधा भूतकाळ. 'आय हॅव गॉन यस्टर्डे' हे आपल्याकडे फार ऐकू येते, ते चूक आहे. वर्गात आम्ही हे दाराच्या उपमेने सांगतो. 'हॅव यू एव्हर' हे दार ठोठावणे. 'येस, आय हॅव' म्हणून दार उघडले की आत जाऊन बोलायचे ते सारे साध्या भूतकाळात. दार एकदाच ठोठावायचे असते. (सिनेमात अमेरिकन माणूस 'डिड यू एव्हर गो' असेही म्हणतो. तेही समजून घ्यावे, पण आधी हे पक्के करावे.)

तिसरी गोष्ट, 'बीन' आणि 'गॉन'. इथे मराठी आपल्या मदतीला धावून येते. 'भाऊ नागपूरला गेला आहे' म्हणजे तो अजून तिकडेच आहे. 'माय ब्रदर हॅज गॉन टू नागपूर.' 'भाऊ नागपूरला जाऊन आला आहे' म्हणजे तो परत घरी आला. 'माय ब्रदर हॅज बीन टू नागपूर.' 'जाऊन येणे' म्हणजे 'बीन टू', ही खूणगाठ बांधली की विसर पडत नाही. म्हणून स्वतःविषयी समोरासमोर बोलताना 'आय हॅव गॉन टू नागपूर' म्हणणे विचित्र वाटते. गेलेला माणूस समोर कसा बसेल?

चौथी गोष्ट, 'हॅड'. आपली ही खास खोड आहे आणि ती मराठीतून येते. 'मी मागच्या वर्षी महाडला गेलो होतो' हे शुद्ध मराठी आहे. त्याचे शब्दाला शब्द करून आपण म्हणतो, 'आय हॅड गॉन टू महाड लास्ट इयर.' इंग्रजीला इथे 'हॅड' नको. 'आय वेन्ट टू महाड लास्ट इयर' एवढे पुरे. 'हॅड' केव्हा लागतो? मागच्या दोन घटना असतील आणि त्यातली आधीची दाखवायची असेल तेव्हा. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' आम्ही पोहोचलो, पण त्याआधीच गाडी सुटली होती. गाडी चुकलेल्या माणसाला हा काळ लगेच समजतो.

पाचवी गोष्ट, 'डिड'. 'डिड यू वेन्ट?' असे विचारू नये. भूतकाळाचे ओझे 'डिड'ने उचलले आहे, ते पुन्हा क्रियापदाच्या डोक्यावर ठेवायचे नाही. 'डिड यू गो? डिड यू ईट? डिड यू सी?' नकारातही तसेच, 'आय डिडन्ट गो.'

आता लहान लहान शब्द. 'रीच'नंतर 'टू' येत नाही. 'वी रीच्ड दादर' म्हणावे, 'रीच्ड टू दादर' नव्हे. 'व्हिजिट'लाही 'टू' नको, 'वी व्हिजिटेड द केव्हज'. रेल्वेने 'बाय ट्रेन', एस.टी.ने 'बाय बस', पण पायी मात्र 'ऑन फूट'. शेवटच्या 'ईडी'चा उच्चार तीन तऱ्हांनी होतो. 'वॉक' चे 'वॉक्ट', 'स्टे' चे 'स्टेड', 'व्हिजिट' चे 'व्हिजिटेड'. 'वॉकेड' म्हणायची सवय वेळीच मोडावी. गो-वेन्ट-गॉन, सी-सॉ-सीन, ईट-एट-ईटन, टेक-टुक-टेकन, स्लीप-स्लेप्ट-स्लेप्ट, लूज-लॉस्ट-लॉस्ट, मीट-मेट-मेट, बाय-बॉट-बॉट ही आठ क्रियापदे पाठ असली तर दादरची अख्खी वारी सांगता येते. मुलगी गर्दीत हरवून पुन्हा सापडली, हेसुद्धा!

वर्ग घेणाऱ्यांसाठी आता चार गोष्टी.

एक, नियम आधी सांगू नका. आधी फळ्यावर एक खरा प्रश्न लिहा, उत्तरे येऊ द्या, ती फळ्यावर मांडा आणि मग विचारा, 'या वाक्यात साल आहे का? इथे हॅव आहे का?' शिकणाऱ्याने नियम स्वतः ओळखला तर तो त्याचा होतो. 'प्रेझेंट परफेक्ट' हे नाव सर्वांत शेवटी सांगितले तरी बिघडत नाही.

दोन, शोधाचा खेळ घ्या. एका कागदावर सहा ओळी लिहून द्या. चैत्यभूमीला तीनपेक्षा जास्त वेळा जाऊन आलेला, रात्र फलाटावर काढलेला, गाडी चुकलेला, दुसऱ्या राज्यात काम केलेला, बोधगया पाहिलेला, बोटीत बसलेला असा एकेक माणूस वर्गात शोधायचा. प्रत्येकाने उठून, फिरून, इंग्रजीत विचारायचे. 'येस' मिळाले की नाव लिहायचे आणि पुढचे तीन प्रश्न करायचे. 'व्हेन डिड यू गो? हू डिड यू गो विथ? हाउ डिड यू गो?' नुसते 'येस'वर सोडायचे नाही. दहा मिनिटांत प्रत्येकाच्या तोंडून पंधरा-वीस वाक्ये जातात. बाकावर बसून पाठ म्हटल्याने ते होत नाही.

तीन, वस्तू आणायला सांगा. जुने तिकीट, अजिंठ्यासमोर काढलेला फोटो, नागपूरहून आणलेले पुस्तक, आता तर मोबाइलमधला फोटोही चालतो. हातात वस्तू असली की बोलणाऱ्याचे लक्ष चुकांवरून उडते आणि शेजारच्यालाही विचारावेसे वाटते.

चार, मध्येच अडवू नका. बाई सांगत असतात, 'वी गो इन नाइट, ट्रेन व्हेरी फुल' आणि शिकवणारा हात वर करून म्हणतो, 'गो नाही, वेन्ट!' बाई थांबतात त्या कायमच्या. त्यांना पुरते सांगू द्यावे. आपण कागदावर दोन चुका टिपाव्या आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर दुरुस्त कराव्या. दहा चुका झाल्या असतील तरी दोनच घ्याव्या.

प्रवासवर्णन म्हणजे मौजमजा, हा समज मोडणारे एक इंग्रजी लेखन आपल्या घरातलेच आहे. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिका म्हणून छापले आणि १९९३ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले. त्यात १९०१ सालचा मसूर स्टेशनपासूनचा बैलगाडीचा प्रवास आहे, १९१७ साली परदेशातून परतल्यावर बडोद्यात राहायला जागा न मिळाल्याची हकीकत आहे, १९२९ सालचा चाळीसगावचा टांग्याचा अपघात आहे आणि १९३४ सालचा दौलताबादच्या किल्ल्यावरचा प्रसंग आहे. बाहेरदेशीच्या माणसाला अस्पृश्यता म्हणजे काय ते कळावे, म्हणून त्यांनी प्रवासातले प्रसंग निवडले. कारण घराबाहेर पाऊल टाकले की पाणी, गाडी आणि निवारा या तिन्हींसाठी दुसऱ्यापुढे उभे राहावे लागते. तिथेच समाजाचे खरे रूप दिसते.

मसूरचा प्रसंग तर वर्गात धडा म्हणूनच घेता येतो. वडिलांकडे निघालेली मुले स्टेशनवर उतरतात आणि न्यायला कुणीच आलेले नसते, कारण येत असल्याचे पत्र वडिलांना मिळालेलेच नसते. आपल्या साध्या शब्दांत ते असे सांगता येईल : 'दे वेटेड ॲट द स्टेशन. नोबडी केम. देअर फादर हॅड नॉट रिसीव्ड द लेटर.' पहिली दोन वाक्ये साध्या भूतकाळात आहेत. तिसऱ्यात 'हॅड' आहे, कारण ती गोष्ट आधीची. वर 'हॅड'चा जो नियम सांगितला तो इथे काळजाला भिडतो. मग गाडीवाल्यांनी नकार दिला, दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, मुलांनीच गाडी हाकायची आणि त्याने पायी चालायचे असे ठरले, शिदोरी जवळ असून पाण्यावाचून उपाशी राहावे लागले. हे सारे विद्यार्थ्यांना एकेका वाक्यात सांगू द्यावे.

एक पथ्य मात्र पाळावे. आपल्या माणसांच्या प्रवासात सुखाबरोबर अपमानही असतो. कुणी भाड्याची खोली मागायला गेले आणि आडनाव विचारून परत पाठवले, कुणाला कामाच्या गावी वेगळा पेला दिला. असे काही निघाले तर ऐकून घ्यावे, पण इंग्रजी शिकवण्यासाठी कुणाची जखम उकलायला लावू नये. म्हणून पहिल्याच दिवशी एक वाक्य सर्वांना द्यावे, 'आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट.' मला त्याविषयी बोलायचे नाही. परक्या भाषेत नाही म्हणता येणे हेही शिक्षणच आहे. आणि ज्याला सांगायचे आहे त्याला पुरा वेळ द्यावा. आपल्यावर काय गुदरले ते जगाच्या भाषेत सांगता येणे, ही लहान गोष्ट नाही.

ज्यांच्या वस्तीत वर्ग नाही, त्यांनी घरीच सुरुवात करावी. रात्री जेवणे झाली की पाच मिनिटे पुरतात. मुलाने आईला विचारावे, 'आई, हॅव यू एव्हर बीन टू महाड?' आईने 'येस, आय हॅव' किंवा 'नो, आय हॅवन्ट' एवढेच म्हटले तरी चालेल. 'येस' आले तर मुलाने पुढे विचारावे, 'व्हेन डिड यू गो?' मग आईने त्याला विचारावे. आजोबांना इंग्रजी येत नसेल तर त्यांनी मराठीत सांगावे आणि नातवाने एकेक वाक्य इंग्रजीत वहीत उतरावे. यात दोन कामे होतात. नातवाचे इंग्रजी पक्के होते, आणि आजोबा गाव सोडून कोणत्या साली, कोणत्या गाडीने, हातात काय घेऊन शहरात आले हे घरात प्रथमच लिहून राहते. अनेक घरांत ते कुणी विचारलेलेच नसते.

या आठवड्यासाठी काम सोपे आहे. एक वही करा. पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा आणि नावापुढे 'हॅज बीन टू' लिहून तो जाऊन आला असेल ती सारी गावे लिहा. दुसऱ्या पानावर त्यातले एकच गाव घ्या आणि 'वेन्ट'ने सुरुवात करून पाच वाक्ये लिहा. साल लिहायला विसरू नका. पहिले पान भरताना कुणी म्हणाले, 'मी कुठे गेलोय?', तर त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, 'तुम्ही या शहरात आलात तो पहिला दिवस कोणता?' तिथूनच त्याची वाक्ये सुरू होतील.